दंडार, नाटक आणि ‘सौम्यीकरणा’चा निकष

सामूहिक, उत्स्फूर्त आविष्कारात घडलेला कलावंत जेव्हा आटोपशीर, लोकानुनयी रूपाकडे वळतो, तेव्हा समीक्षा बहुधा त्या रूपाचे मूल्यमापन करीत नाही. ती हरवलेल्या रूपाचा शोक करते. अमेरिकेतील ‘फिश’ या वाद्यवृंदाचा गिटारवादक ट्रे अ‍ॅनास्टॅसिओ याच्या २००५ मधील ‘शाइन’ या अल्बमबाबत हेच घडले. वृंद २००४ मध्ये विसर्जित झाला होता. लांबलचक उत्स्फूर्त वादनाला सरावलेल्या अनेकांना नभोवाणीला साजेशी ही नेटकी गाणी गुळगुळीत वाटली. प्रश्न गाण्यांच्या गुणवत्तेचा होता की अपेक्षाभंगाचा, हे मात्र फारसे तपासले गेले नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत हाच प्रश्न अधिक व्यापक पातळीवर उभा राहतो. धानाची कापणी आटोपल्यावर गावाच्या मोकळ्या जागेत रंगणारी दंडार ही सामूहिक कला होय. तीत स्त्रीभूमिका पुरुषच करीत. लिखित संहितेपेक्षा परंपरेने आलेली गाणी, नाच आणि प्रसंगोचित संवाद यांवर तिचा भर असे. पुढे याच प्रदेशात तिकीट लावून होणारे, रंगमंचावरचे, रात्रभर चालणारे नाटक लोकप्रिय झाले. मंडई व शंकरपट हे त्याचे निमित्त, तर वडसा (देसाईगंज) हे त्याच्या मंडळांचे प्रमुख केंद्र बनले.

या नाटकाकडे पाहण्याच्या दोन दृष्टी प्रचलित आहेत. नागर अभिरुचीला ते भडक व अतिरंजित वाटते. लोकसाहित्याच्या अभ्यासकाला त्यात दंडारीचा ऱ्हास दिसतो. वरकरणी परस्परविरोधी असलेल्या या दृष्टींचे गृहीतक एकच आहे. दोन्ही प्रत्यक्ष प्रयोगाला त्यात अनुपस्थित असलेल्या रूपाच्या मापाने मोजतात: पहिली पुण्या-मुंबईच्या नाटकाच्या, दुसरी दंडारीच्या.

वस्तुतः उत्स्फूर्तता येथून नाहीशी झालेली नाही. तिने स्थान बदलले आहे. तालमी मोजक्या, रोज नवे गाव आणि प्रॉम्प्टरचा आधार या परिस्थितीत नट संहितेशी बांधलेला असूनही मोकळा असतो. विनोदी नटाला समोरच्या गावाचा अंदाज घेऊन प्रसंग लांबवावा किंवा आखडावा लागतो. दंडारीत समूहाकडे असलेले हे स्वातंत्र्य येथे एका नटाकडे आले आहे. त्यातून लाभ झाला तशी हानीही झाली: गाव प्रेक्षक बनले आणि समूहाचे गायन मागे पडले. ही हानी नाकारण्याचे कारण नाही. परंतु तिला केवळ ‘बाजारूपणा’ म्हटल्याने तिची मीमांसा होत नाही.

२०२३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. सन्मान झाला, तरी नटाच्या गौरवाने प्रयोगाच्या समीक्षेची उणीव भरून निघत नाही. छापील संहितेतून प्रयोगातील ही भर कळत नाही, आणि प्रयोग तर पहाटे संपून जातो. ‘फिश’ २००९ मध्ये पुन्हा एकत्र आले. दंडारीला तशी खात्री नाही. म्हणूनच दंडार आणि नाटक यांची नोंद त्यांच्या-त्यांच्या अटींवर करणे, हे झाडीपट्टीच्या नाट्येतिहासापुढील पहिले काम आहे.