गिरणीला सुट्टी

मे 1952. सोलापुरात फटफटलं आहे आणि तुम्ही माळवदावर आडवे आहात. सवयीनं डोळे उघडतात, तुम्ही धडपडत उठता, तेवढ्यात खालून आई म्हणते, "नीज की रे. आज आइतवार हाय."

तुम्ही कूस बदलता. मातीच्या माळवदाची धग रात्रभर निवत होती, आत्ता कुठं पाठीला गार लागतंय. एरवी ही वेळ जुन्या गिरणीच्या साचेखात्यात जाते. धोट्यांच्या धडधडाटात शेजारच्याचं बोलणं ओठांवरून ओळखावं लागतं. आज चिमण्या ऐकू येतात.

हा दिवस मालकांनी आपणहून दिला नाही. ही गिरणी 1877 साली सुरू झाली, तेव्हा आठवड्याच्या सुट्टीचा कायदाच नव्हता. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणीकामगार एकवटले, 1890 साली तिथल्या मालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली, पुढच्या वर्षी कायदाही झाला. म्हणून आज खुशाल लोळा. तो तुमचा हक्क आहे.

ऊन चढतं तसा रस्ता ओस पडतो. दाराला ओलं तरट लावलंय. बायको उखळात भाजलेल्या शेंगा, लसूण आणि लाल तिखट कुटतेय. घाई केली तर नुसता कूट होतो. दमानं कुटत राहिलं की शेंगांना तेल सुटतं आणि चटणी उखळाच्या कडेला चिकटू लागते. खरी चव त्या तेलात आहे. ज्वारीची कडक भाकरी मोडा, वर चटणी, त्यावर दही, बुक्कीनं फोडलेला कांदा. डबा खातानाची घाई आज नको. एकेक घास नीट चावून खा.

मग बादलीतले गावरान आंबे. तुम्ही एक माचून तोंडाला लावता आणि थांबता. शेजारच्या पद्मशाली घरातला हातमाग अजून खटखटतोय. गिरणीचा कायदा घरातल्या मागाला लागू नाही.

"अण्णा, या की आंबे खायला!"

"एवढा पदर होऊ द्या."

"पदर कुठं पळून जातोय?"

माग थांबतो. अण्णा हात धुऊन येतात, मागोमाग त्यांची पोरं.

उन्हं कलल्यावर सगळे सिद्धेश्वर तळ्याकडे निघता. जवळची वाट गिरणीवरून जाते. तुम्ही पोरांना घेऊन नवी पेठेकडून वळता, आणि पहिल्याच रसवंतीसमोर अण्णा म्हणतात, "बसूया की थोडं."