स्वयंभरणी रायफलीवरील प्रकाशीय लक्ष्यदर्शक

रायफलीची नळी लक्ष्याच्या रेषेत आणण्यासाठी तिच्यावर बसविलेल्या भिंगयुक्त साधनास प्रकाशीय लक्ष्यदर्शक म्हणतात. साध्या लोखंडी दर्शकात नळीच्या टोकाशी माशी आणि डोळ्याजवळ खाच किंवा छिद्र अशी दोन अंगे असतात. नेमबाजाला खाच, माशी आणि लक्ष्य या तीन निरनिराळ्या अंतरांवरील वस्तू एकाच वेळी पाहाव्या लागतात. डोळा मात्र त्यांपैकी एकीवरच केंद्रित होऊ शकतो. प्रकाशीय दर्शकात नेमखूण आणि लक्ष्य यांच्या प्रतिमा एकाच प्रतलात येत असल्याने ही अडचण राहत नाही. तथापि माशी नळीलाच जडलेली असते, तर प्रकाशीय दर्शक हा स्वतंत्र भाग असून तो बैठकीच्या द्वारे रायफलीला जोडावा लागतो. या साधनाचा इतिहास बव्हंशी या जोडणीचा इतिहास होय. भिंगांची कथा त्या मानाने सरळ आहे.

या इतिहासाचा एक आरंभीचा धागा मुंबई इलाख्याशी जुळतो. मुंबई लष्करातील अधिकारी डेव्हिड डेव्हिडसन यांनी रायफलीसाठी तयार केलेली लांब नळीची दुर्बीण व्हिटवर्थ रायफलीच्या डाव्या अंगास बसविली जाई. अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) दक्षिणेकडील राज्यांच्या काही निवडक नेमबाजांनी ती वापरली. दुर्बीण बाजूस असल्याने लोखंडी दर्शकही मोकळे राहत; परंतु नेमबाजाला गाल दस्त्यावर नीट टेकविता येत नसे. पहिल्या महायुद्धात ली-एनफील्ड रायफलीवरही दुर्बीण डावीकडेच सरकविण्यात आली. तेथे कारण वेगळे होते. काडतुसांची पट्टी वरून आत दाबावयाची असल्याने ती वाट अडवून चालणार नव्हते. दुसऱ्या महायुद्धातील क्र. ४ (टी) या रायफलीला डाव्या अंगावर दोन पक्क्या गाद्या जडवून त्यांवर बैठक स्क्रूंनी आवळीत आणि प्रत्येक दुर्बीण तिच्या विशिष्ट रायफलीशी क्रमांकाने बांधून ठेवीत. दुर्बिणींची अदलाबदल करू नये, हा शहाणपणा त्या काळीच आला होता.

बोल्ट हाताने मागे-पुढे करावयाच्या या रायफलींत अडचण मुख्यतः जागेची होती. गोळी सुटताच नळीतील वायूच्या दाबाने पुढचे काडतूस आपोआप भरणारी स्वयंभरणी म्हणजेच अर्धस्वयंचलित रायफल आल्यावर तीत धक्क्याची भर पडली. अशा रायफलीत बोल्टचा जड सांगाडा वेगाने मागे जाऊन आदळतो आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येऊन पुन्हा आदळतो. बैठकीच्या स्क्रूंना प्रत्येक गोळीस दोन्ही दिशांनी हिसके बसतात. रिकामे तापलेले टरफल वरून किंवा बाजूने उडते. सफाईसाठी वरचे झाकण वारंवार काढावे लागते. अमेरिकेने १९३६ मध्ये स्वीकारलेल्या एम-१ गॅरंड रायफलीत आठ काडतुसांचा संच वरूनच भरला जाई. म्हणून १९४४ मधील एम-१सी या प्रकारात दुर्बीण डावीकडे तिरकी बसवून दस्त्याला चामड्याची गादी बांधावी लागली, की जेणेकरून गाल डाव्या बाजूस टेकता यावा. सोव्हिएट संघाने एसव्हीटी-४० या स्वयंभरणी रायफलीवर साडेतीन पट विवर्धनाची दुर्बीण चढविली. परंतु अचूकता पुरेशी न मिळाल्याने १९४२ मध्ये तो प्रकार बंद करून जुन्या मोसिन रायफलीकडे परत जावे लागले. जर्मन गेवेअर-४३ रायफलीच्या रिसीव्हरवर मात्र उजवीकडे दुर्बिणीचा रूळ कारखान्यातच कोरून काढलेला असे. बैठक नंतर लावावयाची जोड नसून ती मूळ रचनेतच असावी, हा विचार त्यातून पुढे आला.

भारतात या प्रश्नाचा सर्वांत परिचित नमुना म्हणजे १ए१ ही ७.६२ मिमी. स्वयंभरणी रायफल होय. १९६२ च्या चीनबरोबरच्या युद्धानंतर ती पश्चिम बंगालमधील इशापूर येथील कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडू लागली. १९९० नंतरच्या दशकात सैन्यात इन्सास रायफल येऊ लागली, तरी राज्य पोलीस दलांकडे १ए१ पुढेही राहिली. मूळ बेल्जियन एफएएल रचनेप्रमाणे हिचे वरचे झाकण पातळ पत्र्याचे असून ते सरकवून काढता येते. दुर्बीण बसविण्यास हीच जागा सर्वांत सोयीची दिसते आणि तीच सर्वांत अविश्वसनीय आहे. तिचे गणित सोपे आहे. बैठकीची लांबी १० सेंमी. धरली आणि तिचे एक टोक केवळ ०.१ मिमी. हलले, म्हणजे कागदाच्या एका पानाच्या जाडीइतके सरकले, तर नेमरेषा हजारात एक या प्रमाणात वळते. १०० मी. वर गोळी १० सेंमी. आणि ३०० मी. वर ३० सेंमी. बाजूस जाते. छातीवर धरलेला नेम खांद्याबाहेर जाण्यास इतके पुरे आहे आणि लक्ष्याशेजारी दुसरे कोणी उभे असेल, तर चूक केवळ नेम हुकण्यापुरती राहत नाही. ब्रिटिशांनी याच घराण्यातील एल१ए१ रायफलीसाठी ‘सूट’ नावाचा चार पट विवर्धनाचा दर्शक काढला, तेव्हा साध्या झाकणाऐवजी तरफेने घट्ट आवळता येणारे खास झाकण द्यावे लागले. त्यातील नेमखूण वरून खाली लोंबणारी असून ट्रिटियमच्या किरणोत्सर्गाने उजळत असे. १९८२ च्या फॉकलंड युद्धात तो वापरात होता.

भारतीय सैन्याने वापरलेल्या द्रागुनोव्ह (१९६३) या सोव्हिएट स्वयंभरणी रायफलीत हा तिढा वेगळ्या रीतीने सोडविलेला आढळतो. तिच्या रिसीव्हरच्या डाव्या अंगावर रूळ आहे. त्यावर दर्शक सरकवून तरफ दाबली की तो आवळला जातो. झाकण काढले तरी त्यास बाध येत नाही. दर्शकाखालून लोखंडी दर्शकही दिसतात. तिच्या पीएसओ-१ दर्शकाचे विवर्धन चार पट व वस्तुभिंगाचा व्यास २४ मिमी. आहे. १.७ मी. उंचीच्या माणसाची आकृती आतील वक्ररेषेत बसवून अंतराचा अंदाज घेता येतो.

दर्शकाची निवड करताना विवर्धनास अवास्तव महत्त्व देण्याची प्रवृत्ती जुनी आहे. विवर्धन वाढले की दृष्टिक्षेत्र आकुंचन पावते, हाताचा कंपही तितकाच मोठा दिसतो आणि प्रकाश कमी होतो. वस्तुभिंगाच्या व्यासास विवर्धनाने भागले असता डोळ्याकडे बाहेर पडणाऱ्या प्रकाशशलाकेचा व्यास मिळतो; पीएसओ-१ मध्ये तो ६ मिमी. आहे. संधिप्रकाशात तरुण माणसाची बाहुली सुमारे ७ मिमी. पर्यंत विस्फारते, हे लक्षात घेता हे प्रमाण विचारपूर्वक ठरविलेले दिसते. याच २४ मिमी. भिंगामागे बारा पट विवर्धन ठेवल्यास शलाका २ मिमी. ची होऊन सायंकाळी प्रतिमा काळवंडेल. डोळा आणि नेत्रिका यांमधील अंतर हीही महत्त्वाची बाब आहे. ते अपुरे असल्यास धक्क्याबरोबर नळीची कड भुवईवर आपटते.

जवळच्या अंतरासाठी निराळी वाट निघाली. डब्लिनचे दुर्बीणकार हॉवर्ड ग्रब यांनी १९०० मध्ये परावर्तक दर्शकाची कल्पना मांडली होती. तीत काचेवरून परावर्तित झालेली खूण जणू अनंत अंतरावर दिसते. त्यामुळे डोळा नेमका मध्यावर नसला तरी फारसे बिघडत नाही. स्वीडनमधील एमपॉइंट कंपनीने १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास प्रकाश-उत्सर्जक डायोड वापरून हिचे रायफलीसाठी सुटसुटीत रूप आणले. लाल ठिपक्याच्या या दर्शकात विवर्धन नसते आणि दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात. मात्र कोणताही दर्शक नळीच्या अक्षापासून काही सेंमी. वर असतो. हे अंतर ४ सेंमी. असेल, तर पाच-सहा मीटरवर गोळी ठिपक्याच्या जवळजवळ तितकीच खाली लागते. खोलीतील चकमकीत पोलिसांना याचा विसर पडून चालत नाही.

बैठकींचा गोंधळ १९९५ मध्ये बराच आटोक्यात आला. त्या वर्षी अमेरिकी सैन्याने पिकॅटिनी खाचपट्टीचे मानक निश्चित केले: खाचेची रुंदी ५.२३ मिमी. आणि दोन खाचांतील मध्यांतर १०.०१ मिमी. पट्टी रिसीव्हरशी एकसंध असल्यास दर्शक काढून त्याच खाचेत पुन्हा बसविता येतो. खाचेत तो पुढच्या कडेस रेटून मगच आवळावा, म्हणजे धक्क्याने सरकण्यास जागा उरत नाही. स्क्रू ठरावीक पिळानेच आवळले पाहिजेत. अंगचा जोर लावून नळी चेपली, की आतील समायोजन अडते. ज्या काडतुसांचा वापर व्हावयाचा त्याच काडतुसांनी दर्शक जुळवावा. जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथे लष्करी रायफलींची काडतुसे तयार होतात. तेथून आलेला गट बदलला तरी जुळणी तपासून पाहणे इष्ट ठरते.

कोकणपट्टीत हवेचाही विचार करावा लागतो. पनवेलसारख्या खाडीकाठच्या गावी जून ते सप्टेंबर या काळात भिंगांवर आतून बाष्प धरते, बुरशीची जाळी पसरते आणि पोलादी स्क्रू गंजून आवळ ढिली पडते. नायट्रोजन भरून बंद केलेली नळी यावर उपयोगी पडते. चामड्याची पेटी मात्र ओल धरून ठेवते व अपायच करते.

लष्करी मापाच्या स्वयंभरणी रायफली भारतात सामान्य नागरिकास मिळत नसल्याने महाराष्ट्रातील नेमबाजी क्रीडाप्रकारांतच वाढली. पनवेल येथे सुमा शिरूर यांनी २००६ मध्ये लक्ष्य शूटिंग क्लब सुरू केला. खांदा कॉलनीसारख्या वसाहतींतील मुलांना रायफल पाहावयास मिळते ती बहुधा अशा केंद्रांतच आणि तीही ४.५ मिमी. ची, एकेक छरा भरावयाची हवाई रायफल असते. तिच्यावर दुर्बीण लावण्यास स्पर्धानियमांची मनाई आहे. १० मी. वरील दहा गुणांचा ठिपका केवळ ०.५ मिमी. व्यासाचा असूनही तो बारीक छिद्राच्या दर्शकाने साधावा लागतो. तेजस्विनी सावंत यांचे २०१० मधील म्यूनिकचे जागतिक अजिंक्यपद आणि स्वप्नील कुसळे यांचे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील कांस्यपदक, ही दोन्ही ५० मी. प्रकारांतील यशे छिद्रदर्शकावरच मिळालेली आहेत. हा दर्शकही डव्हटेल रुळावर चिमट्याने आवळलेला असतो आणि सरावाच्या पहिल्या छऱ्यापूर्वी त्याचे स्क्रू चाचपून पाहावे लागतात.