पूर्व जर्मनीची राइशबान : संपादकीय तळटीप

लेखकाने येथे ओझरता निर्देश केलेली ‘राइशबान’ ही पूर्व जर्मनीची सरकारी रेल्वे होय. महायुद्धातील बाँबवर्षावाने पूल, यार्डे व इंजिने यांची जी अपरिमित हानी झाली होती, तीत नुकसानभरपाईच्या वसुलीची भर पडून, सोव्हिएत अधिकाऱ्यांच्या हुकुमाने बहुतेक दुहेरी मार्गांवरील दुसरा लोहमार्ग उखडून नेण्यात आला आणि १९४६ साली विजेच्या तारा व विद्युत् इंजिने यांचीही रवानगी सोव्हिएत संघात झाली. एकेरी मार्गावर समोरून येणाऱ्या गाडीस वाट देण्यासाठी स्थानकात खोळंबणे अपरिहार्य असते, हे ध्यानी घेतले म्हणजे लेखकाने विलंबाचा सारा दोष कर्मचाऱ्यांच्या माथी मारणे आम्हांस अन्यायाचे वाटते. उत्तम दगडी कोळशाच्या दुर्भिक्षामुळे निकृष्ट तपकिरी कोळशावर इंजिने हाकून त्यांनी वाहतूक चालू ठेवली, हा पराक्रम लहान नव्हे. विजेवरील वाहतूक १९५५ मध्ये हाले-क्योथेन मार्गावर पुन्हा सुरू झाली.

पश्चिम बर्लिनमधील उपनगरी गाड्यांचा कारभारही दोस्त राष्ट्रांच्या व्यवस्थेनुसार याच खात्याकडे होता; ऑगस्ट १९६१ मध्ये सरहद्द बंद होताच तेथील नागरिकांनी या गाड्यांवर बहिष्कार घातला, तरी तो कारभार जानेवारी १९८४ पर्यंत राइशबानकडेच राहिला. १ जानेवारी १९९४ रोजी राइशबान व पश्चिमेकडील बुंडेसबान यांचे एकीकरण झाले.