प्रवाळ-मत्स्यालयातील गाळणव्यवस्था

घरगुती खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ व मासे एकत्र जगवण्यासाठी पाण्यातील टाकाऊ द्रव्ये काढणारी किंवा निरुपद्रवी करणारी साधने. नायट्रेट लिटरला 40 मिग्रॅ. झाले तरी गोड्या पाण्यातले बहुतेक मासे ते सोसतात. प्रवाळांच्या टाकीत मात्र ते साधारण 2 ते 10 मिग्रॅ. आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 मिग्रॅ. राखतात. दोन्ही अगदी शून्यावर नेणेही घातक असते. त्यात प्रवाळ फिके पडून उपाशी मरतात. त्यामुळे साधनांची निवड टाकीत किती मासे असतील आणि त्यांना किती खाद्य पडेल, यावरून करावी लागते.

मुख्य गाळणी म्हणजे सच्छिद्र खडक. त्याच्या पृष्ठभागावरील जीवाणू अमोनियाचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करतात. आतल्या प्राणवायुहीन भागात नायट्रेटचा नायट्रोजन वायू होतो. इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी 1961 मध्ये जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावरच टाकी चालवण्याची पद्धत मांडली. पुढे रूढ झालेल्या बर्लिन पद्धतीत खडकाला जोरदार स्किमरची, म्हणजे फेसातून टाकाऊ द्रव्ये काढणाऱ्या यंत्राची, जोड मिळाली, आणि आजच्या बहुतेक टाक्या याच वाटेने जातात. भारतात कठीण प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार संरक्षण असल्याने मालवणच्या किंवा इतर कोणत्याही किनाऱ्यावरून प्रवाळखडक उचलून आणता येत नाही. कृत्रिम सिरॅमिक खडकात जीवाणू वाढवणे हा सरळ मार्ग. त्याला काही आठवडे लागतात.

यंत्रांत पहिला खर्च स्किमरवर करावा. प्रथिने व स्निग्ध द्रव्ये हवा-पाण्याच्या सीमेवर चिकटतात, म्हणून यंत्र बारीक बुडबुड्यांचा स्तंभ तयार करते आणि वर चढलेला तपकिरी फेस पेल्यात जमा होतो. खाऱ्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत लवकर मिसळत नाहीत, म्हणून ते बारीक राहतात. गोड्या पाण्यात हेच यंत्र जवळपास निरुपयोगी ठरते. खोक्यावर छापलेली क्षमता बहुधा विरळ मासे गृहीत धरून सांगितलेली असते. मासे दाट असतील, तर त्याहून मोठे यंत्र निवडणे शहाणपणाचे.

स्किमर, हीटर व पंप ठेवायला टाकीखाली संप, म्हणजे दुसरी टाकी, असतो. त्याचा आकार ठरवताना वीज जाण्याचा विचार आधी करावा. 120 सेंमी. लांब व 45 सेंमी. रुंद टाकीतील पातळी 2 सेंमी. उतरली, तरी सुमारे 11 लि. पाणी खाली येते. तेवढी जागा संपात रिकामी नसेल तर ते खोलीभर पसरते. संपातून तासाला टाकीच्या पाण्याच्या तीन ते पाच पट पाणी फिरले तरी पुरे. प्रवाळांना लागणारा जोराचा प्रवाह टाकीतले पॉवरहेड, म्हणजे छोटे प्रवाह-पंप, देतात.

बंद डब्याचे कॅनिस्टर फिल्टर गोड्या पाण्यात उत्तम, येथे मात्र अडचणीचे ठरतात. त्यात साठलेला गाळ कुजून नायट्रेट वाढत राहते. तोच दोष गाळणपिशवीचाही. ती दर तीन-चार दिवसांनी धुणार असेल त्यानेच लावावी. ॲक्टिव्हेटेड कार्बन पाण्याचा पिवळेपणा आणि मऊ प्रवाळांनी सोडलेली विषारी द्रव्ये शोषतो. फॉस्फेट शोषणारे लोहयुक्त दाणे थोड्या प्रमाणात सुरू करावेत, कारण एकदम झालेली घट प्रवाळांना सोसत नाही. संपात जागा असल्यास केटोमॉर्फा हे शेवाळ वाढवून ठरावीक काळाने छाटल्यासही नायट्रेट व फॉस्फेट ही दोन्ही पोषकद्रव्ये बाहेर पडतात.

या सर्वांच्या आधी येते ते टाकीत भरायचे पाणी. पिण्याच्या अनेक आरओ यंत्रांत चवीसाठी काही क्षार मुद्दाम राखतात, त्यामुळे त्यांचे पाणी पुरेसे शुद्ध ठरत नाही. टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, शून्यावर आणणारा डीआय (आयन काढणारा) टप्पा जोडावा लागतो. बाष्पीभवनात पाणी उडते, मीठ मागे राहते, म्हणून रोजची तूटही मीठ न घालता याच पाण्याने भरतात.