ख्रिस्तपुराण आणि न आटणारा आनंद

ज्युबिलीच्या ह्या पुस्तिकेंत कांहीं ऐतिहासिक लिहावें, अशी मंडळींची इच्छा आहे. मांडवगण फराटा येथें आपण भीमेच्या काठीं राहतों. पलीकडील दौंड तालुक्यांतून, यवत-वरवंडच्या वाटेनें, दरसाल तुकोबांची पालखी पंढरीस जाते. ओवी व अभंग आपल्या ख्रिस्ती घरांसही परके नाहींत. म्हणून ज्या धर्मगुरूनें चारशें वर्षांपूर्वीं ओवींतच ख्रिस्ती आनंद गाइला, त्या फादर थॉमस स्टीफन्स ह्यांची हकीकत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

फादर स्टीफन्स हे जन्मानें इंग्रज. त्यांच्या तरुणपणीं इंग्लंडांत कॅथोलिक राहणें हा अपराध ठरला होता. त्यांचे आश्रयदाते व स्नेही थॉमस पाऊंड ह्यांनीं श्रद्धेपायीं सुमारें तीस वर्षें बंदिवास भोगिला. स्टीफन्स रोमास गेले, १५७५ सालीं येशूसंघांत दाखल झाले आणि १५७९ च्या आक्टोबरांत गोव्यास उतरले. पुढील चाळीस वर्षें, म्हणजे १६१९ सालीं देह ठेवीपर्यंत, ते ह्याच भूमींत राहिले.

गोव्यांतील साष्टी प्रांतीं त्यांनीं जें पाहिलें, तें सांगतांना आमची लेखणी अडखळते. तथापि ज्युबिलीच्या भरांत कटु सत्य झांकणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. १५६७ च्या सुमारास पोर्तुगीज सत्तेनें तेथील देवालयें पाडिलीं होतीं. लोकांच्या मनांतील तो संताप १५८३ च्या जुलैंत कुंकळ्ळी येथें उसळला. फादर रुडोल्फ आक्वाव्हिवा आदि पांच येशूसंघीय मारले गेले, व त्यांच्याबरोबर कित्येक स्थानिक ख्रिस्ती जनही. आपल्या बांधवांचीं प्रेतें मिळवून त्यांस मूठमाती देण्याचें काम फादर स्टीफन्स ह्यांच्या वांट्यास आलें. पुढें अधिकाऱ्यांनीं कुंकळ्ळीच्या गांवकारांस बोलणें करण्याच्या निमित्तानें असोळण्यास नेऊन ठार केलें. पांचही हुतात्म्यांस १८९३ सालीं धन्य घोषित करण्यांत आलें. गांवकारांच्या घरींही त्या वर्षीं आकांत झाला असेल, हें आपण विसरूं नये.

अशा भूमींत आनंदाची वार्ता सांगावयाची ती कोणत्या तोंडानें? स्टीफन्स ह्यांनीं प्रथम लोकांची वाणी शिकून घेतली. पुराणाच्या आरंभीं ते सांगतात कीं, धर्मशिक्षण चालू असतां एका ब्राह्मण ख्रिस्ती गृहस्थानें विनविलें : आमचीं पूर्वींचीं पुराणें आपण वर्ज्य केलींत, मग त्यांच्या जागीं दुसरें कांहीं आम्हांस कां देत नाहीं? आमच्या मतें हा प्रश्न म्हणजे त्या पोकळ झालेल्या घरांचाच प्रश्न होय. ज्याचें गाणें गेलें, त्यास नुसत्या आज्ञा व प्रश्नोत्तरें देऊन भागत नाहीं.

त्याचें उत्तर १६१६ सालीं राशोल येथें छापून निघालें. मराठी भाषेचें गौरव गाऊन, तींत कोंकणी शब्द मिसळून रचिलेलें हें दोन भागांचें पुराण दहा हजारांहून अधिक ओव्यांचें आहे. पहिल्यांत जुन्या कराराची कथा, दुसऱ्यांत प्रभु येशूचें चरित्र. देवनागरी ठसे मिळावेत म्हणून स्टीफन्स ह्यांनीं वरिष्ठांस लिहिलें होतें. ते आले नाहींत, म्हणून मराठी ओव्या रोमन अक्षरांत छापल्या गेल्या! बेथलेहेमाच्या मेंढपाळांस देवदूतानें सांगितलेली महान् आनंदाची वार्ता अशा रीतीनें ओवीच्या चालीवर घरोघर पोहोंचली. स्नेह्यानें तुरुंग भोगिला व सोबती थडग्यांत गेले, तरी ज्यानें ती गाइली, त्याचा आनंद हा सणाचा आनंद नव्हे. आपला आनंद कोणी हिरावून घेणार नाहीं, असें वचन प्रभूनें शिष्यांस दिलें, तेंही दुःखसहनाच्या आदल्या रात्रीं.

१६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें देशी भाषांविरुद्ध फर्मान काढिलें. पुराणाच्या १६१६, १६४९ व १६५४ च्या आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज ज्ञात नाहीं. तरी ग्रंथ मेला नाहीं. लोकांनीं तो हातानें उतरून ठेविला. गोव्याहून मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांत तो वाचला जाई. त्याच मंगळूरच्या ख्रिस्ती समाजास टिपूनें १७८४ सालीं श्रीरंगपट्टणास बंदींत नेलें; सुटका झाली ती १७९९ सालीं. अशा समाजाच्या घरांतून राहिलेल्या हस्तलिखितांवरून जोसेफ सालढाणा ह्यांनीं १९०७ सालीं मंगळूरास तो छापिला, आणि १९५६ सालीं शांताराम बंडेलू ह्यांनीं तो पुण्याहून देवनागरींत आणिला.

गेल्या नाताळाच्या आधीं आम्ही एका शोकाकुल घरीं गेलों होतों. घरच्या म्हाताऱ्या आजींस अक्षरओळख नाहीं. दुसरें कांहीं सुचेना, म्हणून आम्हीं ख्रिस्तजन्माच्या थोड्या ओव्या वाचूं लागलों. कित्येक शब्द त्यांस अडले व त्यांनीं ते मोकळेपणानें विचारिले. कांहीं आम्हांसही सांगतां आले नाहींत. मग आमचें वाचन सपाट वाटलें असावें, कारण त्यांनीं हात वर करून आम्हांस थांबविलें आणि, “फादर, हें असें नाहीं,” म्हणून त्याच ओव्या जात्यावरच्या चालींत हळूं आवाजांत म्हणून दाखविल्या.