सुटी सगळ्यांची : वेगळा सिनेमा आणि फ्रेंच घरचा स्वयंपाक

दिवाळीची असो वा नाताळची, मराठी घरातली सुटी सर्वांच्या वाट्याला सारखी येतेच असे नाही. दिवाणखान्यात चित्रपट रंगात आलेला असतो आणि त्याच वेळी स्वयंपाकघरात कोणीतरी पुऱ्या तळत असते. 'मग शेवटी काय झाले?' असे नंतर विचारणारी व्यक्ती बहुतेक घरांत असते आणि बहुधा तीच त्या दिवशीची सुगरण असते. हिंदी वा मराठी चित्रपट निदान कानाने तरी ऐकता येतो. परभाषेतल्या चित्रपटाची खालची अक्षरे मात्र ओट्यापाशी उभे राहून वाचता येत नाहीत. म्हणूनच सुटीत वेगळ्या वळणाचे चित्रपट पाहायचे ठरवले, तर त्या दिवशीचा स्वयंपाकही तसाच निवडावा लागतो. फ्रेंच घरगुती स्वयंपाक येथे उपयोगी पडतो. त्यातले जुने पदार्थ तासन्‌तास शिजतात, पण त्यांच्यापाशी माणसाने उभे राहण्याचा वेळ थोडाच असतो. बाकीचे काम मंद आच करते.

पुण्याची तयारी जुनी

असे चित्रपट पाहण्याची सवय पुण्याला नवी नाही. कोल्हापूरची प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली पुण्यात आली. तिच्याच आवारात १९६० मध्ये आजची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना झाली. संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी आयुष्यभर देशी-विदेशी चित्रपट जमवले आणि प्रा. सतीश बहादूर यांनी चित्रपट कसा पाहावा, याचे शिक्षण दिले. या दोन संस्थांच्या रसास्वाद शिबिरासाठी उन्हाळ्याच्या सुटीत गावोगावचे शिक्षक, लेखक व विद्यार्थी अनेक वर्षे पुण्यात येत राहिले. फिल्म क्लबांनी हीच गोडी शहरात पसरवली आणि २००२ पासून पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाची तीत भर पडली.

फ्रेंच भाषेचेही तसेच. रानडे इन्स्टिट्यूट आणि अलियाँस फ्रान्सेझ येथे फ्रेंच शिकलेली माणसे पुण्याच्या पेठांपासून कोथरूडपर्यंत सापडतात. त्यामुळे रन्वार, ताती, रोमेर ही नावे येथे अगदीच परकी नाहीत. फ्रेंच जेवण मात्र अजूनही पंचतारांकित हॉटेलातली चैन समजले जाते. घरचा फ्रेंच स्वयंपाक तसा नाही.

सुटीवरचेच चार चित्रपट

झाक ताती यांचा 'मस्य युलोची सुटी' हा १९५३ चा चित्रपट समुद्रकाठच्या एका लहान हॉटेलात घडतो. त्याला सांगण्यासारखे कथानक नाही आणि संवाद जेमतेम आहेत. उंच, वाकून चालणारे, अतिसभ्य युलो जेथे जातात तेथे गोंधळ होतो, एवढेच. सुटीतही घड्याळ न विसरणाऱ्या माणसांची ही मिस्कील थट्टा आजी-आजोबा आणि नातवंडे एकत्र बसून पाहू शकतात.

झाँ रन्वार यांचा 'पार्ती द काम्पान्य' मोपासाँच्या कथेवर आधारलेला आहे. पॅरिसच्या एका दुकानदाराचे कुटुंब रविवारी नदीकाठी सहलीला जाते आणि त्या एका दुपारची हुरहुर मुलीच्या मनात कायमची राहते. पावसामुळे १९३६ साली चित्रीकरण अपुरे राहिले आणि हा अवघ्या ४० मिनिटांचा चित्रपट १९४६ मध्ये लोकांसमोर आला.

एरिक रोमेर यांचे दोन चित्रपट या यादीत हवेतच. 'मा नुई शे मोद' (१९६९) नाताळच्या दिवसांत घडतो. बर्फामुळे अडकलेला एक इंजिनीअर एका बुद्धिमान स्त्रीच्या घरी रात्र गप्पांत घालवतो; विषय पास्कल, श्रद्धा आणि प्रेम. 'ल रेयों व्हेर' या चित्रपटाला १९८६ साली व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळाला. सुटीची सोबत ऐनवेळी हुकलेली देल्फिन एकटीच ठिकठिकाणी भटकते. एका प्रसंगात मांसाहारी यजमानांच्या मेजावर 'मी मांस का खात नाही' हे तिला समजावून सांगावे लागते. पुण्यातल्या अनेक शाकाहारी प्रवाशांना हा प्रसंग फार ओळखीचा वाटेल.

रांधणारी व्यक्ती पंगतीत कोठे?

स्वयंपाकावरच्या उत्तम चित्रपटांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. जी रांधते ती पंगतीत नसते.

गाब्रिएल आक्सेल यांच्या 'बाबेट्स फीस्ट' (१९८७) या ऑस्कर-विजेत्या डॅनिश चित्रपटातली बाबेट १८७१ च्या पॅरिसमधल्या रक्तपातातून जीव वाचवून आलेली असते. दोन वृद्ध धर्मनिष्ठ बहिणींच्या घरी ती वर्षानुवर्षे वाळवलेले मासे आणि पावाची लापशी शिजवते. लॉटरीत लागलेले दहा हजार फ्रँक ती बारा माणसांच्या एका मेजवानीवर खर्च करते. जेवण रंगते, जुनी भांडणे मिटतात; बाबेट मात्र शेवटपर्यंत स्वयंपाकघरातच असते.

त्रान आन हुंग यांना २०२३ साली कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा मान मिळवून देणाऱ्या 'द टेस्ट ऑफ थिंग्ज' मध्येही तेच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोदँ या खवय्याच्या घरी स्वयंपाक पाहणाऱ्या युजेनीला पाहुणे विचारतात, तुम्ही आमच्याबरोबर का जेवत नाही? आपण पदार्थांतूनच तुमच्याशी बोलतो, अशा आशयाचे तिचे उत्तर सुंदर आहे. पण तिची खुर्ची रिकामीच राहते. एका राजपुत्राच्या अवाढव्य मेजवानीला उत्तर म्हणून दोदँ 'पोतोफ' हा अगदी साधा घरगुती पदार्थ वाढायचे ठरवतो, हेही लक्षात ठेवण्यासारखे.

पुण्याचे उदाहरण सचिन कुंडलकर यांच्या 'गुलाबजाम' (२०१८) चे. लंडनमधली नोकरी सोडून पारंपरिक मराठी स्वयंपाक शिकायला पुण्यात आलेला आदित्य आणि इतरांसाठी डबे करून स्वतः जगापासून दूर राहणारी राधा यांची ही गोष्ट. सोनाली कुलकर्णी यांची राधा बाबेटच्या शेजारी ठेवून पाहिली, तर डेन्मार्क आणि पुणे यांतले अंतर फारसे उरत नाही.

मंद आचेचे पदार्थ

'पोतोफ' चा शब्दशः अर्थ विस्तवावरचे भांडे. मूळ पदार्थ गोमांसाचा. पुण्यात हाडांसकट मटण घ्यावे. ते गार पाण्यात घालून सावकाश तापवायचे आणि वर येणारा फेस काढून टाकायचा. मग गाजर, नवलकोल, पातीचा कांदा, दोन लवंगा टोचलेला अख्खा कांदा आणि तमालपत्र घालून दोन ते अडीच तास मंद आचेवर ठेवायचे. पाणी खळखळू द्यायचे नाही, नाहीतर रस्सा गढूळ होतो. आधी गाळलेला रस्सा, मग मोहरीची चटणी व जाड मीठ यांच्यासोबत मटण आणि भाज्या वाढतात. कुकर वेळ वाचवतो हे खरे; फ्रान्समध्येही सेब कंपनीचा कुकर १९५३ साली, म्हणजे मस्य युलोंच्याच वर्षी, बाजारात आला. पण शिट्ट्या मोजायला पुन्हा कोणाला तरी उठावे लागते.

शाकाहारी घरासाठी 'ग्रातँ दोफिन्वा' उत्तम. बटाट्याच्या पातळ चकत्या, दूध, साय, लसूण, मीठ आणि पुरणपोळीमुळे घरात असतेच ते जायफळ, एवढेच साहित्य. चकत्या कापल्यावर धुवायच्या नाहीत, कारण त्यांतल्या पिठामुळेच दूध आळते. ओव्हनमध्ये १६० ते १७० अंशांवर सव्वा ते दीड तास.

'रातातूई' ही नीस शहराकडची वांगी, ढोबळी मिरची, टोमॅटो आणि झुकिनीची भाजी. झुकिनी न मिळाल्यास कोवळा दुधी चालतो. भाज्या आधी वेगवेगळ्या परतून मग एकत्र शिजवल्या, तर प्रत्येकीची चव राहते. आदल्या दिवशी केलेली रातातूई अधिक मुरते.

कांद्याच्या सूपासाठी लासलगावचा कांदा कोणत्याही परदेशी कांद्याला हार जाणार नाही. किलोभर कांदा पातळ चिरून लोण्यात पाऊण तास मंद परतायचा. तो करपता कामा नये, मधासारखा तपकिरी व्हायला हवा. नंतर चमचाभर मैदा आणि भाज्यांचा रस्सा घालून अर्धा तास उकळायचे. वर शिळ्या पावाचा भाजलेला तुकडा आणि चीज. शिळ्या पोळीचा कुस्करा करणाऱ्या घराला ही काटकसर समजावून सांगावी लागत नाही. दूध-अंड्यात बुडवून भाजलेल्या शिळ्या पावाला तर फ्रेंच लोक 'पँ पेर्दू', म्हणजे वाया गेलेला पाव म्हणतात आणि आवडीने खातात.

गोडासाठी 'क्लाफुती'. अंडी, दूध, साखर, मैदा यांचे पातळ पीठ फळांवर ओतून भाजायचे. मूळ पदार्थ चेरीचा. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी फार पाणी सोडते, त्यामुळे पेअर किंवा सफरचंद बरे. तशा प्रकाराला तिकडे 'फ्लोन्यार्द' म्हणतात.

चित्रपट आणि पातेले यांचे वेळापत्रक

'मस्य युलोची सुटी' सुमारे दीड तासाची. ती सुरू करताना ग्रातँ ओव्हनमध्ये ठेवावा. 'बाबेट्स फीस्ट' पावणेदोन तासांच्या आत संपतो. पोतोफ त्याआधी अर्धा-पाऊण तास चढवला, तर शेवटच्या दृश्यानंतर ताटे मांडता येतात. रन्वारची ४० मिनिटे आणि क्लाफुतीची ३५ ते ४० मिनिटे जवळजवळ जुळतात. सव्वादोन तासांच्या 'द टेस्ट ऑफ थिंग्ज' साठी आदल्या दिवशीची रातातूई आणि पाव पुरेसा. हा चित्रपट रिकाम्या पोटी पाहू नये. कांद्याच्या सूपाला मात्र सतत ढवळावे लागते. ते चित्रपटाआधी उरकावे आणि ढवळण्याच्या पाळ्या घरातल्या सर्वांनी वाटून घ्याव्यात.

हे पदार्थ चुलीवरून वा ओव्हनमधून थेट मेजावर येतात आणि भांडे मधोमध ठेवून ज्याने त्याने वाढून घ्यायचे असतात. गरम पोळीसाठी कोणी तव्यापाशी थांबत नाही आणि आग्रह करायला कोणी उभे राहत नाही. ग्रातँ थोडा जास्त तांबूस झाला किंवा पोतोफचा रस्सा जरा गढूळ राहिला, तरी बिघडत नाही. त्या दिवशी 'शेवटी काय झाले?' असे कोणालाही विचारावे लागले नाही, तर ती सुटी घरातल्या सगळ्यांची झाली असे समजावे.