सिंदखेडची लेक आणि सिंदखेडचा धनी

दरवर्षी 12 जानेवारीला जो अफाट जनसमुदाय बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजास लोटतो, तो लखुजीराव जाधवांच्या वाड्याच्या भव्य महाद्वारातून आत शिरतो, जिजाबाईंच्या जन्मस्थानापुढे नतमस्तक होतो, ‘जय जिजाऊ’ असा परस्परांस नमस्कार घालतो आणि मग जिजाऊसृष्टीच्या मैदानाकडे वळतो, जेथे सायंकाळपर्यंत इतिहास आणि राजकारण एकाच व्यासपीठावरून बोलत असतात. (त्याच तारखेस स्वामी विवेकानंदांचीही जयंती येत असल्याने राज्यभरच्या सरकारी कचेऱ्यांतून त्या दिवशी दोन तसबिरी शेजारी शेजारी मांडून एकाच वेळी हार घातले जातात, आणि बिचाऱ्या हेडक्लार्कास दोन्ही भाषणे एकातच उरकावी लागतात.) ज्यांच्या वाड्यात हा सोहळा चालतो, त्या लखुजीरावांची समाधी याच गावात आहे, पण ‘राजमातेचे पिताश्री’ यापलीकडे त्यांचा फारसा परामर्श कोणी घेत नाही. लेकीचा जयजयकार व्हावा आणि बाप मात्र उंबऱ्याशी तिष्ठत राहावा, हे का घडते, याचा शोध घेणे म्हणजेच इतिहासाचा राजकारणात उपयोग कसा होतो, हे पाहणे होय.

लखुजीराव हा मोठा अडचणीचा पूर्वज आहे. देवगिरीच्या यादवांशी नाते सांगणारा हा सिंदखेडचा देशमुख निजामशाहीचा मातबर सरदार होता. 1620 नंतरच्या धामधुमीत त्याने मोगलांची चाकरी पत्करली, पुढे तो पुन्हा निजामशाहीकडे वळला, आणि 25 जुलै 1629 रोजी दौलताबादच्या दरबारात मुजऱ्यास गेला असता अचलोजी व राघोजी हे पुत्र आणि यशवंतराव हा नातू यांच्यासह मारला गेला. त्याआधी ‘शिवभारता’त वर्णिलेल्या खंडागळ्यांच्या हत्तीच्या दंग्यात जाधव आणि भोसले या सोयऱ्यांनीच एकमेकांवर तलवार चालविली होती. वतन, मनसब आणि जहागीर यांच्या हिशेबाने चालणाऱ्या त्या काळात यात काहीही लांच्छनास्पद नव्हते. अशी निष्ठांतरे सर्व दख्खनभर चालू होती. परंतु व्यासपीठाला निर्मळ पूर्वज हवा असतो, आणि त्याच्या समाधीवर कमानी व घुमट असले, ती वास्तू दख्खनच्या मुसलमानी मकबऱ्यांच्या घडणीची असली, तर वक्त्याची अधिकच पंचाईत होते.

परिसरातील दुसरे एक स्थळही असेच निरुपयोगी ठरले आहे. याच तालुक्यातील साखरखेर्ड्यास ऑक्टोबर 1724 मध्ये निजामुल्मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला आणि आसफजाही राज्याचा पाया घातला. त्या लढाईत पहिला बाजीराव निजामाच्या साह्यास होता. ज्या युद्धाने वऱ्हाडचे भवितव्य शतकाहून अधिक काळ ठरविले, त्यातून आजच्या कोणत्याही पक्षास घोषणा काढता येत नाही, म्हणून त्याची आठवण इतिहासाच्या अभ्यासकांपुरतीच उरली आहे.

मग जिजाबाईच का? माझ्या समजुतीने याचे उत्तर सिंदखेडात नाही, पुण्यात आहे. शिवछत्रपतींच्या थोरवीविषयी महाराष्ट्रात वाद नाही. वाद आहे तो त्यांना घडविले कोणी, याविषयी. जोतीराव फुल्यांनी 1869 च्या पोवाड्यात शिवाजीला कुळवाडीभूषण ठरविले, तर पुढे टिळकांच्या पिढीने रायगडावर उत्सव सुरू करून त्यास राष्ट्रपुरुष केले. एका परंपरेने रामदास आणि दादोजी कोंडदेव यांना गुरुपद दिले, दुसरीने ते नाकारले. ज्या क्षणी हे दोन्ही गुरू नाकारले जातात, त्या क्षणी ते आसन रिकामे होते, आणि त्यावर बसण्याचा निर्विवाद अधिकार एकट्या मातेचा उरतो. पुरुषोत्तम खेडेकर यांनी 1990 मध्ये स्थापिलेल्या मराठा सेवा संघाला आपले तीर्थ रायगडी किंवा शिवनेरीवर न शोधता सिंदखेडराजास सापडले, यातील तर्कसंगती अशी आहे. शिवजन्माचे स्थान सर्वांचेच होते; गुरूचे जन्मस्थान मात्र अद्याप कोणी मागितलेले नव्हते.

यानंतरच्या घटना सर्वश्रुत आहेत. जेम्स लेन यांच्या शिवाजीविषयीच्या पुस्तकावरून 5 जानेवारी 2004 रोजी मराठा सेवा संघाच्याच संभाजी ब्रिगेड या शाखेच्या जमावाने पुण्याच्या भांडारकर संस्थेत शिरून ग्रंथांची आणि संग्रहाची नासधूस केली. ती घटना मला आजही अक्षम्य वाटते, कारण ज्या कागदांवरून बहुजनांचा इतिहास लिहावयाचा, ते कागद अशाच संस्थांच्या कपाटांत आहेत. पुढील वर्षी 12 जानेवारी 2005 रोजी सिंदखेडराजाच्या व्यासपीठावरून ‘शिवधर्म’ या नव्या धर्माची घोषणा झाली. डिसेंबर 2010 मध्ये पुणे महानगरपालिकेने लाल महालातील शिल्पसमूहावर हात घातला. त्या समूहात बाल शिवाजी सोन्याचा नांगर धरून उभा होता, शेजारी माता होती आणि जवळ दादोजी होते. त्यांतून दादोजी तेवढे काढून नेण्यात आले. मराठी इतिहासलेखनातील शतकभराचा वाद इतक्या थोडक्यात, एका रात्रीत, पालिकेच्या मजुरांनी निकालात काढला.

पूर्वजांचा हा व्यवहार केवळ आपलाच आहे, असे मात्र कोणी समजू नये. नॉर्वे देश स्वीडनपासून स्वतंत्र होण्याच्या आधीच्या पाव शतकात, म्हणजे 1880 मध्ये गोकस्टाडचे आणि 1904 मध्ये ओसेबर्गचे जहाज भूगर्भातून निघाले, आणि नव्या राष्ट्राला व्हायकिंग पूर्वज आयतेच लाभले. पुढे क्विसलिंगच्या फॅसिस्ट पक्षाने बोरे येथील प्राचीन दफनटेकड्यांपाशी मेळावे भरविले, तेव्हा तेच पूर्वज वंशशुद्धीचे साक्षीदार करण्यात आले. व्हायकिंगांच्या मस्तकावरील शिंगांचे शिरस्त्राण तर 1876 मध्ये वाग्नेरच्या संगीतनाटकासाठी वेषभूषाकाराने रूढ केलेले, तरी आज ते जगभर खरे मानले जाते. म्हणून तेथील संशोधकांनी आता नुसती जहाजे अभ्यासण्यावर समाधान न मानता त्या जहाजांभोवती भरलेल्या सभाही अभ्यासास घेतल्या आहेत. आपल्याकडे बखरींची आणि फर्मानांची छाननी करणारे विद्वान पुष्कळ झाले. जयंतीची हस्तपत्रके, पालिकेचे ठराव आणि अधिवेशनांची भाषणे हीही उद्याची अस्सल साधने आहेत, असे मानून ती दप्तरात बांधून ठेवणारे मात्र विरळा.

ती बांधून ठेवली, तर काही चमत्कारिक नोंदीही हाती लागतील. शिवचरित्रकार बाबासाहेब पुरंदऱ्यांना 2015 मध्ये महाराष्ट्र भूषण देण्यास ज्या संभाजी ब्रिगेडने कडाडून विरोध केला, तिनेच ऑगस्ट 2022 मध्ये उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेशी युती केली. आणि पुरंदऱ्यांचा शिवाजी डोळ्यांपुढे ठेवून शिवसैनिकांची एक अख्खी पिढी वाढली होती. पूर्वजांवरून जडलेले वैर वर्तमानाच्या निकडीपुढे असे बाजूस ठेवता येते, हे लखुजीरावास सांगावे लागले नसते.

त्याच्या समाधीचे प्रकरणही अद्याप मिटलेले नाही. 2024 मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिच्या जतनाचे काम चालविले असता समोरच्या जमिनीत आधी जुन्या मंदिराचे अवशेष आणि मग शेषशायी विष्णूची सुमारे पावणेदोन मीटर लांबीची, लक्ष्मी पाय चेपीत असलेली सुरेख पाषाणमूर्ती निघाली. यादवांचा वंशज म्हणविणाऱ्या, निजामशहाच्या दरबारात मारल्या गेलेल्या सरदाराची घुमटाकार समाधी आणि तिच्या दाराशी विष्णू, अशी ही मांडणी आहे. तिच्यावर पहिला हक्क कोणता पक्ष सांगतो, हे पाहण्यासाठी फार काळ वाट पाहावी लागेल, असे वाटत नाही.